राख पुन्हा येईल, तयारी शिर्डीपासून करा

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री, नवी दिल्ली

साहेब,

मी अहिल्यानगर जिल्ह्यातला भूगोलाचा शिक्षक. आपण पुण्याचे, म्हणजे आमचे शेजारी. आमच्या जिल्ह्यातला विमानतळ आपल्या खात्याच्या अखत्यारीत येतो आणि आमची भाषा आपली मातृभाषा आहे. त्यामुळे हे पत्र मराठीत लिहितो आहे. ते खुले ठेवण्याचे कारण असे की यातल्या गोष्टी जितक्या आपल्या कानावर जायला हव्यात, तितक्याच विमानात बसणाऱ्या प्रत्येक माणसाच्याही कानावर जायला हव्यात.

विषय आहे ज्वालामुखीच्या राखेचा. अवर्षण, बिबट्या, उसाचा दर आणि कांद्याची निर्यात यांत गुंतलेल्या जिल्ह्यातून असे पत्र यावे, याचे कुणालाही नवल वाटेल. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये जे घडले ते पाहिल्यावर गप्प बसवेना.

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी, रविवारी, इथिओपियाच्या अफार प्रांतातला हायली गुब्बी हा ज्वालामुखी फुटला. माणसाने लिहून ठेवलेल्या इतिहासात तो पूर्वी कधी फुटल्याची नोंद नाही. त्याने उडवलेली राख सुमारे चौदा किलोमीटर उंच गेली. याच्या जरा खालच्या पट्ट्यात मोठी प्रवासी विमाने उडतात आणि याच पट्ट्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारेही असतात. त्या वाऱ्यांनी राख तांबड्या समुद्रावरून येमेन आणि ओमानकडे नेली, अरबी समुद्र ओलांडला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गुजरात-राजस्थानच्या आकाशात आणली. त्या रात्री ती दिल्लीवर पोचली. २५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत ती भारत ओलांडून चीनकडे सरकेल, असा अंदाज हवामान खात्याने दिला होता.

मुख्य ढग आपल्या उत्तरेकडून गेला, पण महाराष्ट्र त्यातून सुटला नाही. दोहा-मुंबई, दम्माम-मुंबई अशी उड्डाणे रद्द झाली. ज्या विमानांनी राखेच्या परिसरातून प्रवास केला असण्याची शक्यता होती, ती तपासणीसाठी थांबवावी लागल्याने देशांतर्गत फेऱ्याही कोलमडल्या. कन्नूरहून अबुधाबीला निघालेले विमान अहमदाबादला उतरवावे लागले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २४ नोव्हेंबरला सर्व कंपन्यांना सूचना दिल्या. राखेचे क्षेत्र आणि त्या उंचीचे थर टाळा. इंजिनाच्या कामात फरक जाणवला, केबिनमध्ये धूर किंवा वास आला, तर लगेच कळवा. विमानतळावर राख पडली असेल, तर धावपट्टी तपासल्याशिवाय वाहतूक सुरू करू नका. या सूचना वेळेवर निघाल्या आणि नेमक्या होत्या. त्याबद्दल आपल्या खात्याचे मनापासून आभार.

कुणाचाही जीव गेला नाही, कुठलेही विमान पडले नाही. त्यामुळे आठवडाभरात सगळे विसरले. माझे म्हणणे असे की जीवितहानी न होता मिळालेला हा धडा आहे, आणि तो अजून आपण लिहून घेतलेला नाही. विमान रद्द झालेल्या माणसाला त्याचे खरे कारण त्याच्या भाषेत कळत नाही. राखेच्या दिवशी काय करायचे याची लेखी, सराव केलेली योजना शिर्डीसारख्या लहान विमानतळावर असायला हवी, आणि ती आहे की नाही हे जनतेला माहीत असायला हवे. माझ्या मागण्यांचा गाभा हाच आहे.

ही राख इतकी घातक का, हे आधी सांगतो, कारण तिच्या नावामुळेच फसगत होते. चुलीतली राख बोटांत घेतली तर पिठासारखी मऊ लागते, पाण्यात घातली तर विरघळल्यासारखी होते. ज्वालामुखीच्या राखेचा तिच्याशी काही संबंध नाही. ती जळून उरलेली वस्तू नाही. जमिनीखालच्या तप्त शिलारसाचे, वायूंच्या स्फोटाने, क्षणात चिंधड्या होऊन थंड झालेले ते तुकडे आहेत: काच, खनिजांचे स्फटिक आणि खडकाचा चुरा. त्यांच्या कडा धारदार असतात. दूरवर जाणारे कण तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावे लागतील इतके बारीक असतात, आणि ते दिवसेंदिवस हवेत तरंगत राहतात.

जेट इंजिन हवा ओढून घेते, दाबते, तिच्यात इंधन जाळते आणि तापलेल्या वायूच्या झोताने टर्बाइन फिरवते. उड्डाणाच्या वेळी ज्वलनकक्षातले तापमान १,४०० अंश सेल्सिअसच्याही वर असते. राखेतली काच साधारण १,१०० अंशांच्या आसपास मऊ पडून वितळू लागते. म्हणजे हवेबरोबर आत गेलेली राख ज्वलनकक्षात वितळते आणि पुढे टर्बाइनच्या तुलनेने थंड पात्यांवर, वायू जाण्याच्या अरुंद वाटांवर काचेचा लेप होऊन बसते. वाट अरुंद झाली की हवेचा प्रवाह बिघडतो, इंजिन गचके खाते आणि शेवटी विझते. एकाच ढगातून जात असल्यामुळे विमानाची सगळी इंजिने एकदम विझू शकतात. दोन किंवा चार इंजिने लावण्यामागचा विचारच हा असतो की एक गेले तर दुसरे तारेल. राख हा आधारच काढून घेते.

तिचे काम एवढ्यावर थांबत नाही. कॉम्प्रेसरची पाती ती घासून काढते. वैमानिकासमोरच्या काचेवर इतके ओरखडे पाडते की पलीकडचे दिसेनासे होते. विमानाचा वेग मोजणाऱ्या बारीक नळ्या ती बुजवते. कणांच्या घर्षणाने विद्युतभार साठतो आणि रेडिओवर खरखर सुरू होते. सोबत असलेला गंधकाचा वायू पाण्याच्या वाफेशी मिळून आम्ल बनतो. सर्वांत वाईट म्हणजे विमानातले हवामान रडार पावसाचे थेंब ओळखण्यासाठी बनवलेले असते. कोरडी, बारीक राख त्याला दिसत नाही. दिवसा हा ढग साध्या ढगांत मिसळून जातो. रात्री तर तो दिसतच नाही.

याचा सर्वांत गाजलेला दाखला मुंबईशी जोडलेला आहे. २४ जून १९८२ रोजी ब्रिटिश एअरवेजचे ९ क्रमांकाचे उड्डाण लंडनहून मुंबई, क्वालालंपूर, पर्थ अशा मार्गाने ऑकलंडकडे चालले होते. क्वालालंपूर सोडून ते जावा बेटाजवळ ३७,००० फुटांवर होते. बेटावरच्या गालुंगगुंग ज्वालामुखीने राख उडवली होती. रात्रीची वेळ, रडारवर काहीही नाही. आधी समोरच्या काचेवर निळसर ठिणग्या नाचू लागल्या, केबिनमध्ये गंधकाचा वास आणि धूर आला, आणि मग काही मिनिटांत चारही इंजिने एकापाठोपाठ बंद पडली. प्रवासी आणि कर्मचारी मिळून २६३ माणसे असलेले ते जम्बो विमान इंजिनाविना तरंगत खाली येत राहिले. तेरा-साडेतेरा हजार फुटांच्या आसपास, राखेच्या ढगाबाहेर पडल्यावर, इंजिने पुन्हा सुरू झाली. थंड झाल्यावर काचेचा लेप तडकून सुटला म्हणून हे शक्य झाले. कॅप्टन एरिक मूडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओरखड्यांनी आंधळ्या झालेल्या काचेतून जकार्ताला विमान उतरवले. सगळे वाचले.

साडेसात वर्षांनी, १५ डिसेंबर १९८९ रोजी, अलास्कातल्या रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत केएलएमचे ८६७ क्रमांकाचे उड्डाण असेच सापडले. ॲम्स्टरडॅमहून आलेले ते नवेकोरे बोइंग अँकोरेजला उतरण्याच्या तयारीत होते. ढगातून निसटण्यासाठी वैमानिकांनी इंजिनांचा जोर वाढवून वर चढण्याचा प्रयत्न केला. जोर वाढला की तापमान वाढते, आणि तापमान वाढले की राख आणखी वितळते. चारही इंजिने बंद पडली. विमान चौदा हजार फुटांच्या आसपास खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि २४५ माणसे वाचली. दुरुस्तीचा खर्च आठ कोटी डॉलरच्या घरात गेला. तेव्हापासून वैमानिकांना शिकवले जाते की राखेत सापडलात तर जोर कमी करा आणि आल्या वाटेने मागे वळा. घाबरलेल्या माणसाची सहजप्रेरणा नेमकी याच्या उलट असते. म्हणूनच सरावाला पर्याय नाही.

साहेब, तिसरा दाखला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात काहीच घडले नाही असे वाटले होते. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेचे संशोधन विमान आइसलँडच्या हेक्ला ज्वालामुखीच्या विरळ राखेतून गेले. इंजिने व्यवस्थित चालली, वैमानिकांना डोळ्यांनी काही दिसले नाही. विमानावरच्या संवेदनशील उपकरणांना तेवढी चाहूल लागली. नंतर इंजिने उघडून पाहिली तेव्हा आतल्या पात्यांचे नुकसान झालेले आढळले आणि दुरुस्तीला बत्तीस लाख डॉलर लागले. नोव्हेंबर २०२५ मध्ये राखेच्या परिसरातून गेलेली विमाने थांबवून तपासली गेली, ती नेमक्या या अनुभवामुळे. ज्यांचे उड्डाण त्या तपासणीपायी रद्द झाले, त्यांच्यापैकी किती जणांना हे कुणी समजावून सांगितले असेल?

उलट टोकाचा अनुभवही जगाने घेतला आहे. १४ एप्रिल २०१० रोजी आइसलँडमधला एयाफ्यात्लायोकुत्ल फुटला आणि युरोपचे आकाश जवळपास आठवडाभर बंद राहिले. सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली, कोटीभर प्रवासी जिथल्या तिथे अडकले. तोवर साधा नियम होता की राख असेल तिथे जायचे नाही, मग ती कितीही विरळ असो. त्या घटनेनंतर युरोपात राखेचे प्रमाण मोजून क्षेत्रे ठरवण्याची पद्धत आली. एक घनमीटर हवेत दोन मिलिग्रॅमपर्यंत राख म्हणजे कमी प्रदूषण, दोन ते चार म्हणजे मध्यम, चारच्या वर म्हणजे जास्त. मात्र हे आकडे उपयोगी पडायचे तर राख मोजता आली पाहिजे. मोजण्याची सोय नसेल तर दोनच वाटा उरतात: सगळे बंद ठेवा, किंवा जुगार खेळा. लोकांच्या जिवाशी आपण दुसरी वाट धरणार नाही. मग मोजण्याची सोय उभारणे हेच शहाणपण.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळतो. अकोले तालुक्यात कळसूबाईच्या वाटेवर किंवा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिले की डोंगराचे एकावर एक रचलेले आडवे थर दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून वाहत आलेल्या लाव्हाचे ते थर आहेत. आमच्या विहिरी याच बेसाल्टात खोदलेल्या आहेत, आमची काळी माती याच दगडाची झीज आहे. ते ज्वालामुखी कधीच निवले, त्यांच्यापासून आज कुणाला धोका नाही.

पण दूरची राख इथवर येते, याचा पुरावा आमच्या दाराशीच आहे. पारनेर तालुक्यातल्या निघोजचे रांजणखळगे पाहायला हजारो लोक जातात. ज्या कुकडी नदीने ते कोरले, तिच्याच काठी वरच्या अंगाला, जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावाजवळ, नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी त्याच्यावर बरेच काम केले. ती राख आपल्या सह्याद्रीची नाही. ती इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची असल्याचे शास्त्रज्ञ सांगतात. टोबाच्या नेमक्या कुठल्या उद्रेकाची, यावर त्यांच्यात वाद आहे. तिथला शेवटचा महाउद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा. तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून ती आमच्या नदीखोऱ्यात येऊन बसली. दूरच्या ज्वालामुखीची राख आमच्यापर्यंत पोचत नाही, असे म्हणण्याची सोय निसर्गाने ठेवलेलीच नाही.

नकाशा समोर ठेवला तर भारत राखेच्या तीन वाटांवर बसलेला दिसतो. पश्चिमेला अफारचा प्रदेश. तिथे पृथ्वीचे कवच फाटते आहे आणि ज्वालामुखींची रांगच आहे. हायली गुब्बीच्या आधी जून २०११ मध्ये शेजारच्या इरिट्रियातला नाब्रो फुटला होता. पूर्वेला इंडोनेशिया. तिथल्या लेवोटोबी ज्वालामुखीमुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतातून बालीला जाणारी उड्डाणे रद्द झाली आणि जून २०२५ मध्ये दिल्लीहून बालीला निघालेले विमान वाटेतून परत आणावे लागले. तिसरी वाट तर आपल्याच देशात आहे. अंदमानातले बॅरन बेट, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, श्रीविजयपुरमपासून साधारण १४० किलोमीटरवर. दीडशे वर्षांहून अधिक शांत राहून तो १९९१ मध्ये जागा झाला, आणि अधूनमधून राख उडवत आहे.

राखेवर नजर ठेवणारी नऊ केंद्रे जगात आहेत. हायली गुब्बीची राख फ्रान्समधल्या तुलूजच्या केंद्राने मागोवा घेत पुढे पुढे कळवली. बॅरन बेटाचे इशारे ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून येतात. हे आंतरराष्ट्रीय सहकार्य चांगलेच आहे आणि ते टिकले पाहिजे. पण इशारा मिळाल्यानंतरचे काम आपलेच असते, आणि ते काम मुंबई-दिल्लीला संपत नाही.

कोपरगाव तालुक्यातल्या काकडी इथला शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते सुरू झाला. अडीच हजार मीटरची धावपट्टी आणि साईबाबांच्या दर्शनाला हैदराबाद, चेन्नई, दिल्ली अशा गावांहून येणारे भाविक. त्यांत म्हातारी माणसे, पहिल्यांदाच विमानात बसलेली कुटुंबे, मराठी किंवा हिंदी न कळणारे प्रवासी मोठ्या संख्येने असतात. २०२५ पासून इथे रात्रीही विमाने उतरू लागली. याची आम्हाला वर्षानुवर्षे आस होती आणि त्याचा आनंदच आहे. मात्र राख रात्री दिसत नाही, हेही विसरता येत नाही. शिवाय २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळ्याची मोठी पर्वे आहेत. ओझर आणि शिर्डी या दोन्ही विमानतळांवर गर्दीचा ताण येईल.

मी कुणालाही घाबरवू इच्छित नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. अफारची राख शिर्डीच्या धावपट्टीवर थर करून पडेल, अशी शक्यता कमी आहे. गेल्या वेळी ती फार उंचावर होती, आणि आपण श्वासात घेतो त्या हवेवर तिचा विशेष परिणाम झाला नाही. त्या दोन दिवसांत मोबाइलवर फिरलेल्या आम्लाच्या पावसाच्या गोष्टी निराधार होत्या. शिर्डीवर जास्त संभवते ते वेगळेच: उंच आकाशातल्या मार्गांवर राख, मोठ्या शहरांत अडकलेली विमाने, आणि काकडीच्या टर्मिनलमध्ये बसून राहिलेली तीनचारशे माणसे, ज्यांना कुणी काही सांगत नाही. मोठ्या विमानतळाच्या आसपास हॉटेले असतात, दुसऱ्या कंपन्यांची उड्डाणे असतात. इथे बाहेर पडले की माळरान आणि शेती. तयारी या वास्तवाला धरून व्हायला हवी.

म्हणून माझ्या पाच मागण्या.

पहिली, नोव्हेंबर २०२५ चा सविस्तर अहवाल प्रसिद्ध करा. कुठला इशारा किती वाजता मिळाला, तो कुणाला केव्हा पोचला, किती विमाने तपासली, त्यांत काय आढळले, कुठे उशीर झाला, हे सगळे त्यात असावे. काहीच बिघाड आढळला नसेल तर तेही लिहावे. संकट टळल्यावर ते कसे टळले हे नोंदवून ठेवणाऱ्या यंत्रणा पुढच्या वेळी चुकत नाहीत. तो अहवाल मराठीसह देशातल्या प्रमुख भाषांत निघावा.

दुसरी, लहान विमानतळांसाठी राखेची लेखी योजना करा आणि शिर्डी हा त्याचा पहिला नमुना ठरवा. उभ्या विमानांची इंजिने आणि नळ्या झाकायच्या कशाने, धावपट्टीची पाहणी कोण करणार, राख पडलीच तर ती काढायची कशी, हे आधी ठरलेले असावे. मिलिमीटरभर थरही विमानतळ बंद पाडायला पुरतो. कोरडी राख विमानाच्या झोताने पुन्हा उडते, आणि पाणी मारले की तिचा निसरडा चिखल होऊन चाके घसरतात. हे ज्ञान पुस्तकात आहे, ते झाडू आणि टँकर हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यापर्यंत गेले पाहिजे. कुंभमेळ्याच्या पर्वांआधी शिर्डीत एकदा पूर्ण सराव व्हावा, आणि त्यात जिल्हाधिकारी कार्यालय, एसटी महामंडळ आणि साईबाबा संस्थान यांना सामील करून घ्यावे. अडकलेल्या प्रवाशांना निवारा, जेवण आणि पुढची वाट देण्याची ताकद या तिघांकडे आहे. कोपरगाव आणि साईनगर शिर्डी ही रेल्वे स्थानके जवळ आहेत, त्यांचाही विचार योजनेत असावा.

तिसरी, प्रवाशाला कारण सांगा, त्याच्या भाषेत सांगा. ‘तांत्रिक कारण’ एवढे म्हणून सोडू नका. राखेमुळे उड्डाण रद्द झाले असेल तर तसे लिहा, आणि शिर्डीत ते मराठी, हिंदी, तेलुगू, तमिळ अशा भाषांत जाहीर करा. नैसर्गिक आपत्तीत विमान कंपनीला नुकसानभरपाई द्यावी लागत नाही, हे नियमात आहे आणि ते मला अन्यायाचे वाटत नाही. पण रद्द झालेल्या तिकिटाचे पैसे किंवा पर्यायी उड्डाण हा प्रवाशाचा हक्क आहे. जेवणाचे आणि मुक्कामाचे काय, हेही राखेसारख्या प्रसंगापुरते एका पानावर स्वच्छ लिहून प्रत्येक विमानतळावर लावा.

चौथी, राख मोजण्याची क्षमता देशात वाढवा. आपल्या इन्सॅट मालिकेतल्या हवामान उपग्रहांवर अवरक्त किरणांचे जे दोन जवळजवळचे पट्टे आहेत, त्यांच्या तुलनेतून राख आणि साधा ढग वेगळा ओळखता येतो. हे तंत्र अनेक वर्षांपासून जगभर वापरले जाते. आपल्या मतदारसंघातच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, भारतीय हवामान खात्याचे मोठे कार्यालय आहे. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाशी बोलून या संस्थांवर राखेच्या निरीक्षणाची आणि मोजणीची कायमची जबाबदारी सोपवा. बॅरन बेटावर चोवीस तास नजर ठेवणारी उपकरणे हाही त्याच कामाचा भाग व्हावा.

पाचवी, वैमानिकाच्या शब्दाला बळ द्या. काचेवर ठिणग्या दिसल्या, गंधकाचा वास आला, इंजिनाने किंचित वेगळे वागून दाखवले, तर ते कळवणाऱ्याला शाबासकी मिळाली पाहिजे. त्याच्यामागून येणाऱ्या विमानाला मिळणारा तो सर्वांत ताजा इशारा असतो. वेळापत्रक सांभाळण्याच्या दडपणाखाली तो इशारा दबू नये, एवढी हमी खात्याने द्यावी.

याला खर्च येईल, आणि कदाचित पुढची दहा वर्षे राख आमच्याकडे फिरकणारही नाही. तरीही ही तयारी वाया जात नाही. धुके, धुळीचे वादळ, हवाई क्षेत्र अचानक बंद होणे, यांतल्या कुठल्याही कारणाने विमाने अडकली तरी हीच योजना, हेच भाषांतले फलक आणि हीच निवाऱ्याची सोय उपयोगी पडेल. काकडीच्या शेतकऱ्यांनी या विमानतळासाठी जमिनी दिल्या. तिथे उतरणाऱ्या माणसाची काळजी मोठ्या शहरातल्या माणसाइतकीच घेतली जावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

जाता जाता हे पत्र वाचणाऱ्या माझ्या जिल्ह्यातल्या लोकांनाही एक विनंती करतो. उद्या राखेमुळे तुमचे विमान रद्द झाले, तर खिडकीवरच्या मुलीवर किंवा मुलावर राग काढू नका. आखाती देशांत नोकरीला असलेला आपला मुलगा एक दिवस उशिरा घरी आला तर बिघडत नाही. आभाळ निरभ्र दिसत असताना विमान का उडत नाही, हा प्रश्न जरूर विचारा, मात्र उत्तर ऐकून घ्या. ‘आज उडणार नाही’ असे ठामपणे सांगणारा अधिकारी त्या क्षणी तुमच्या जिवाची राखण करत असतो.

साहेब, आपण पाचांपैकी कुठल्या मागण्या मान्य करता आणि त्या केव्हापर्यंत पूर्ण होतील, हे आपण जाहीरपणे सांगावे. जी मान्य होणार नाही तिचे कारणही सांगावे. योजना तयार झाली की ती गावागावांत, शाळाशाळांत समजावून सांगण्याचे काम आम्ही शिक्षक करू. त्यासाठी वेगळ्या निधीची किंवा आदेशाची गरज नाही. भूगोलाच्या तासाला फळ्यावर अफारपासून काकडीपर्यंतची रेघ ओढायला खडूचा एक तुकडा पुरतो. रेघेच्या या टोकाला तयारी आहे, हे मुलांना खात्रीने सांगता यावे, एवढे आपण करा.



आपला,
अहिल्यानगर जिल्ह्यातला एक भूगोल शिक्षक